जड पाणी, हलका सेल आणि तीन घमेली

आधी तारे देऊन मोकळी होते: पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा कापला तो सोबत आलेल्या नळ्यांसाठी, आणि अख्खा एक कापला तो खोक्यावर छापलेल्या ‘प्युअर’ या शब्दासाठी.

वस्तू म्हणजे शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी विकतात तो, पाणी विजेने फोडणारा पीईएम सेल (पीईएम म्हणजे प्रोटॉन आरपार जाऊ देणारा पडदा). तळहाताएवढा. ॲक्रिलिकच्या दोन पारदर्शक पाट्यांमध्ये दाबून बसवलेला काळा चौकोन, चार कोपऱ्यांत चार स्क्रू, एक लाल आणि एक काळं सॉकेट, बाजूला दोन उभ्या टाक्या. पाणी भरायचं, दोन व्होल्टच्या आत वीज द्यायची. एका टाकीत ऑक्सिजन जमतो, दुसरीत हायड्रोजन. मग वीज काढून त्याच तारा छोट्या पंख्याला जोडल्या की सेल उलटा चालतो आणि पंखा फिरतो. मुलं टाळ्या वाजवतात. कर आणि टपालासकट मला तो ७२ डॉलरना पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही. हुबेहूब असाच सेल मी ऑनलाइन तीन-चार वेगवेगळ्या नावांनी पाहिला आहे, उगाच एकाच्या डोक्यावर खापर नको.

मला पंखा फिरवायचा नव्हता. मला ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, हवा होता.

मी राहते अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनला. फायलो फार्न्सवर्थचं घर आमच्या गावात ईस्ट स्टेट बुलेव्हार्डवर आहे. बाहेर पाटी लावलेली आहे, आणि भाजी आणायला जाताना आठवड्यातून एकदा तरी माझी गाडी तिच्यासमोरून जाते. १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोत इलेक्ट्रॉनिक टीव्ही चालवून दाखवला तो हाच माणूस. त्याने १९६० च्या दशकात इथल्याच आयटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्यूजर, म्हणजे अणूंची केंद्रकं जुळवणारं यंत्र, उभा केला. कल्पना ऐकायला सोपी आहे. हवा काढून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात मधोमध तारेचा पिंजरा टांगायचा, त्याला हजारो व्होल्टचा ऋण विद्युतदाब द्यायचा आणि आत नखभर ड्युटेरियम सोडायचा. वायूचे आयन पिंजऱ्याकडे झेपावतात आणि त्यातले मूठभर असे काही आदळतात की दोन केंद्रकं जुळून जातात. जवळपास निम्म्या वेळा हेलियम-३ आणि एक न्यूट्रॉन निघतो, उरलेल्या वेळी ट्रिटियम आणि एक प्रोटॉन. ज्या गावात हे पहिल्यांदा झालं त्या गावात राहून आपण बेसमेंटमध्ये फक्त जुने सोफे ठेवायचे, हे माझ्या सोळा वर्षांच्या लेकीला पटेना. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. मी शीतकरण यंत्रांच्या कारखान्यात गळती शोधायचं काम करते. व्हॅक्यूम पंप, गेज, हेलियमचा लीक डिटेक्टर हे माझे रोजचे सोबती. नवऱ्याने एकच अट घातली: देवघराच्या बरोब्बर खाली काही ठेवायचं नाही.

कुणी विचारायच्या आत सांगते, यातून वीज वगैरे मिळत नाही. आमचं यंत्र ३० हजार व्होल्टवर ८ मिलिअँपियर खातं, म्हणजे २४० वॅट. केंद्रकं जुळून जी ऊर्जा सुटते ती एका मायक्रोवॅटच्याही बरीच खाली. यापेक्षा दिवाळीतली पणती बरी.

भांडं झालं, पंप जुना मिळाला, पिंजरा टंगस्टनच्या तारेचा लेकीनेच वळला. राहिला वायू. ड्युटेरियम लहान सिलिंडरमध्ये मिळतो, पण मी ज्या दोन ठिकाणी विचारलं त्यांनी पत्ता घरचा आहे म्हटल्यावर फोनच आवरता घेतला. एकाने तरी कारण सांगितलं: ज्वालाग्राही वायू, रहिवासी वस्ती, सही घ्यायला गोदाम नाही. त्याचंही चुकलं नाही. उलट जड पाणी, म्हणजे ज्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे ते पाणी, अमेरिकेत रसायनांच्या दुकानातून घरपोच येतं. १०० ग्रॅमची सीलबंद बाटली, ९९.९ टक्के, मला सव्वाशे डॉलरना मिळाली. मोजायला गेलं तर ९० मिलिलिटर, औषधाच्या बाटलीएवढं.

आईला अलिबागला फोनवर सांगितलं की जड पाणी मागवलंय. ती म्हणाली, “अगं, सव्वाशे डॉलर कशाला घालवलेस? आपल्या विहिरीचं काय कमी जड होतं? डाळ शिजायची नाही त्यात.” तिचं बरोबरच होतं, मराठीत ‘जड पाणी’ म्हटलं की आधी क्षाराचंच पाणी आठवतं. मी म्हटलं, “ते नाही गं, थळच्या कारखान्यातलं.” मग तिला कळलं. थळच्या खत कारखान्याला लागून जड पाण्याचा कारखाना १९८७ पासून आहे. खतासाठी अमोनिया करताना जो हायड्रोजन वापरतात त्यातला ड्युटेरियम अमोनियाकडून वेचून घेतात. निसर्गातल्या साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा. वेचणं म्हणजे काय असेल ते बघा. लहानपणी आम्ही त्या कारखान्याला ‘हेवी वॉटर’ म्हणायचो आणि आत काहीतरी बॉम्बसारखं आहे असं समजून लांबूनच बघायचो. तीच वस्तू आता माझ्या फ्रिजशेजारी होती.

फ्रिजशेजारी म्हणजे, आधी गॅरेजमध्ये होती. नोव्हेंबरचा शेवट, गॅरेजमध्ये तापमान दोन-तीन अंश. सकाळी बघते तर शेजारची साध्या डिस्टिल्ड पाण्याची बाटली पातळ, आणि जड पाण्याच्या बाटलीत पांढरा गोळा. क्षणभर वाटलं, फसवलं दुकानदाराने. मग आठवलं, जड पाणी ३.८ अंशालाच गोठतं. तक्रार करायच्या ऐवजी आम्ही टोपणभर बाहेर काढलं, पेल्यातल्या गार पाण्यात त्याचा खडा टाकला आणि तो गपकन तळाला गेला. बर्फ बुडताना पाहिला नसेल तर एकदा पाहाच. तेवढ्यासाठी दोन मिली गेले, पण माल अस्सल असल्याची पावती मिळाली.

आता सेलकडे.

साध्या पाण्यावर तो पहिल्याच दिवशी उत्तम चालला. १.८ व्होल्टला ०.७ अँपियर घेतले आणि मिनिटाला पाच मिली हायड्रोजन दिला. फॅराडेचा, म्हणजे किती विजेला किती वायू याचा, हिशेब केला तर थंड बेसमेंटमध्ये एका अँपियरला मिनिटाला साधारण साडेसात मिली यायला हवेत, म्हणजे ०.७ ला सव्वापाच. चोरी नाही. यात कॉस्टिक सोडा नाही, पोटॅश नाही, ॲसिड नाही. आम्लाचं काम आतला नॅफिऑन नावाच्या प्लास्टिकचा पातळ पडदाच करतो. घरगुती ड्युटेरियमसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. काचेच्या भांड्यात दोन कांड्या बुडवून जड पाणी फोडायचं तर त्यात काहीतरी विरघळवावं लागतं, आणि पोटॅश टाकला की त्याच्याबरोबर साधा हायड्रोजनही आत येतो. पाहुण्याला बोलावलं की तो भाऊबंद घेऊन येतो, तसं.

मग मी टाक्या रिकाम्या केल्या, सेल झटकला, जड पाणी भरलं आणि वीज दिली. करंट ०.५५ वर उतरला. तो उतरणारच, जड पाण्यात पडद्याची वाहकता कमी होते. वायू यायला लागला. खोक्यावर लिहिलेलं होतंच: ‘प्युअर’. आम्ही तो वायू फ्यूजरमध्ये सोडला, जांभळा गोळा पेटला, ३० हजार व्होल्ट, दहा मिनिटं. बबल डिटेक्टर म्हणजे एक बोटभर नळी असते, आतल्या जेलमध्ये न्यूट्रॉन आदळला की बुडबुडा उमटतो आणि तिथेच राहतो. तो आम्ही भांड्याला टेकवून ठेवला होता. तीन बुडबुडे. पुन्हा केलं, चार. पुन्हा, दोन. लेक खूश, कारण साध्या हायड्रोजनवर आदल्या आठवड्यात शून्य आले होते. मी मात्र खूश नव्हते. ज्यांनी हे यंत्र आधी केलंय त्यांच्या आकड्यांशी ताडलं तर आमचे आकडे तिसऱ्या हिश्शाने होते.

दोन दिवस मी गळती शोधली. धंद्याची सवय, काही कमी पडलं की माणूस आपल्याला येतं तेच शोधतो. गळती नव्हती. तिसऱ्या दिवशी सेलमधलं पाणीच तोलून पाहायचं सुचलं. केशर तोलायला घेतलेला शतांश ग्रॅमचा काटा घरात होता, १० मिलीचा काचेचा मापफ्लास्क कारखान्यातल्या मैत्रिणीने दिला. साधं पाणी भरलं ९.९८ ग्रॅम. बाटलीतलं ताजं जड पाणी ११.०५. सेलमधून काढलेलं १०.८७. त्रैराशिक मांडलं: ८३ टक्के. म्हणजे झटकून, फुंकून, उलटा करूनही टाक्यांच्या कोपऱ्यांत, नळ्यांत आणि पडद्याच्या अंगात अडीच मिलीच्या आसपास साधं पाणी दडून बसलं होतं.

आणि वायूची अवस्था पाण्याहून वाईट असणार. पाणी विजेने फोडताना साधा हायड्रोजन आधी सुटतो, ड्युटेरियम मागे रेंगाळतो. ही खोड जुनीच. हॅरॉल्ड युरीने १९३१ साली ड्युटेरियम शोधला, आणि १९३३ मध्ये गिल्बर्ट लुईसने याच खोडीचा फायदा घेऊन, पाणी फोडत-फोडत मागे उरलेलं जवळपास शुद्ध जड पाणी हाती आणलं. भारताचा पहिला जड पाण्याचा कारखाना नांगलला १९६२ मध्ये निघाला, तिथेही पहिली पायरी विद्युत अपघटनाचीच, भाक्रा धरणाच्या विजेवर. त्यांना उरलेलं पाणी हवं होतं, त्यामुळे ही खोड त्यांच्या पथ्यावर पडली. मला वायू हवा होता, त्यामुळे ती माझ्या मुळावर आली. पाण्यात १७ टक्के साधा हायड्रोजन असेल तर सुरुवातीच्या वायूत त्याचा वाटा त्याहून कितीतरी जास्त. वर फ्यूजरमध्ये आदळणाराही ड्युटेरियम हवा आणि ज्यावर आदळायचं तोही ड्युटेरियम हवा, म्हणून घट दोनदा बसते. वायू ८० टक्के असेल तर न्यूट्रॉन ६४ टक्क्यांवर येतात. निम्मा असेल तर चौथाई. तीन बुडबुड्यांचं कोडं सुटलं.

खोक्यावरचा ‘प्युअर’ खोटा नाही म्हणा. सेल जे पाणी आत आहे त्याचाच वायू देतो, त्यात ऑक्सिजनची अगदी थोडी मिसळ सोडली तर दुसरं काही नाही. पण आत कोणतं पाणी आहे ते सेल ठरवत नाही, तुमची धुलाई ठरवते. विरजणाचं भांडं नुसतं विसळून त्यात दूध तापत ठेवलं तर दोष दुधाला की भांड्याला? माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही. शाळेतल्या पंख्याला त्याची गरजच नाही.

मग धुलाई. ताजं जड पाणी १२ मिली भरायचं, दोन तास मुरू द्यायचं म्हणजे पडद्यातल्या आम्लाचे हायड्रोजन अणूही अदलाबदल करतात, मग दहा मिनिटं वीज देऊन तो वायू खिडकीबाहेर सोडायचा आणि पाणी काढून तोलायचं. दुसऱ्या वेळी ११.०२ ग्रॅम, म्हणजे ९७ टक्के. तिसऱ्या वेळी ११.०५, आणि त्यापुढे माझा काटा भेद सांगू शकत नाही. बुडबुडे दहा मिनिटांना सरासरी आठवर गेले, मग दहावर. आकडे लहान आहेत, एक-दोनचा फरक नशिबाचाही असतो, म्हणून प्रत्येक धुलाईनंतर तीन-तीन वेळा मोजलं. तीनवरून दहा हा फरक मात्र नशिबाचा नाही.

पण हिशेब बघा. तीन धुलायांत ३६ मिली गेले. पन्नास डॉलर! आणि वायूला किती लागतं? एका मिली जड पाण्यातून सव्वा लिटरच्या वर वायू निघतो. वायू जमवायची माझी काचेची सिरिंज ६० मिलीची. ती भरायला पाव तास आणि जड पाण्याचा एक थेंब. सहा सेंटांचा माल. ती सिरिंज फ्यूजरला तासभर पुरते. म्हणजे वायू जवळजवळ फुकट आहे, सगळा पैसा धुण्यात जातो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी या सेलच्या त्या ऐसपैस टाक्या पहिल्याच दिवशी करवतीने कापल्या असत्या. शाळेसाठी त्या बरोबर आहेत, दुरून दिसायला हव्यात. पण सव्वाशे डॉलरच्या बाटलीसाठी इतका कोनाकोपरा म्हणजे एकट्या माणसाला नऊ खणांचा वाडा.

इथे आईच कामी आली. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पाण्याचे हाल असायचे. भांडी घासली की ती तीन घमेल्यांतून जायची: पहिल्यात राख आणि खरकटं, दुसऱ्यात विसळण, तिसऱ्यात चोख पाणी. दुसऱ्या दिवशी पहिलं घमेलं फणसाच्या मुळाशी, दुसरं सरकून पहिलं, तिसरं सरकून दुसरं, आणि ताजा हंडा फक्त शेवटच्या घमेल्यात. कारखान्यात मी हीच पद्धत ‘काउंटर करंट’ या नावाने शिकले, प्रमाणपत्रासकट. तर आता माझ्याकडे घट्ट झाकणाच्या तीन बरण्या आहेत: एक, दोन, तीन. ८३ टक्क्यांचं पाणी एकमध्ये, ९७चं दोनमध्ये, साडेनव्याण्णवचं तीनमध्ये. जानेवारीत लेकीने तोच सेल शाळेत नेला, साधं पाणी भरून पंखा फिरवून दाखवला, टाळ्या मिळवल्या आणि सेल पुन्हा बाटवून आणला. त्या वेळी आधी एक नंबरच्या बरणीने धुतला, मग दोनने, मग तीनने, आणि ताजं लागलं फक्त पाच मिली. बुडबुडे? नऊ, अकरा, दहा.

बरण्यांची झाकणं घट्ट हवीत हे गंमत म्हणून लिहीत नाही. जड पाणी उघडं राहिलं की हवेतला दमटपणा ओढतं आणि हळूहळू साधं होत जातं. अलिबागच्या जुलैत हा उद्योग अवघड जाईल.

नळ्यांची तक्रार राहिलीच. सोबत येतात त्या सिलिकॉनच्या. मऊ, छान, कुठेही वळतात, आणि त्यांच्या भिंतीतून वायू आणि बाष्प दोन्ही आरपार जातं. फुगा तर त्याहून वाईट. एक रात्र वायू भरून ठेवला, सकाळी फुगा सुरकुतलेला आणि आत काय शिरलं असेल देव जाणे. मी कारखान्यातून नायलॉनच्या जाड नळीचा तुकडा आणला आणि वायू सरळ काचेच्या सिरिंजमध्ये घेते. माहितीपत्रकात दाखवलंय तसं पाण्यावर वायू गोळा करू नका, ते पाणी साधं असतं. ऋणाग्राच्या, म्हणजे ड्युटेरियम निघतो त्या, बाजूला पाणी भरूच नका. पाणी फक्त ऑक्सिजनच्या बाजूला; पडदा लागेल तेवढं ओढून घेतो, किंबहुना जितकं फुटतं त्याच्या काही पट पाणी नुसतंच पडद्यातून पलीकडे येऊन टपकतं. ते थेंब जड पाण्याचेच असतात. एक छोटी बाटली मध्ये लावून ते जमवते आणि परत ओतते. तिच्यापुढे सिलिका जेलची नळी, जेल ओव्हनमध्ये १२० अंशाला तीन तास भाजलेलं. पोह्यांच्या ट्रेवर भाजू नका, वेगळा ट्रे ठेवा.

पडदा कोरडा पडू देऊ नका, हेही माहितीपत्रकात बारीक अक्षरात आहे आणि मी ते वाचलं नव्हतं. या ७२ डॉलरच्या सेलच्या आधीचा, म्हणजे पहिला सेल, असाच गेला. इथे हिवाळ्यात हीटर चालू असला की घरातली हवा पापडासारखी कोरडी होते. रिकामा सेल दोन आठवडे कपाटावर राहिला, पडदा आकसला, पुन्हा पाणी भरल्यावर एका बाजूचे बुडबुडे दुसरीकडे दिसायला लागले. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच खोलीत येणं म्हणजे काय हे सांगायला नको, टाकून दिला. दुकानाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की जड पाणी वापरल्यास वॉरंटी रद्द. त्या सेलमध्ये जड पाण्याचा थेंबही गेला नव्हता. आता सेल कायम भरलेला आणि दोन्ही तोंडं बुचं मारून ठेवते.

आणि एक चूक संपूर्ण माझी. सुरुवातीला मध्ये सिरिंज नव्हती, सेल थेट फ्यूजरच्या सुईच्या झडपेला जोडला होता. एका बाजूला वातावरणाचा दाब, दुसरीकडे त्याच्या काही हजाराव्या हिश्शाचाही हजारावा भाग, आणि मध्ये कागदाएवढा पडदा आणि माझं बोट. झडप पाव वळसा जास्त फिरली. पडदा फुगलेला मी डोळ्यांनी पाहिला, सळ्ळ असा आवाज आला आणि दोन मिली जड पाणी भांड्याने गिळलं. पंप असा काही कण्हला की वरून नवऱ्याने विचारलं, “कोण पडलं?” दीड दिवस भांडं तापवत, हवा ओढत बसले. सिरिंज मध्ये असली की दट्ट्या आपोआप आत सरकत राहतो, सेलला ओढ लागत नाही. पडदा वाचला हे सेलचं कौतुक. त्यासाठीच तारे साडेतीनच्या खाली गेले नाहीत.

वायू शुद्ध आहे का हे प्रकाशावरून दिसेल का, असं लेकीने विचारलं होतं. तत्त्वतः दिसतं. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.२८ नॅनोमीटरवर, ड्युटेरियमची ६५६.१० वर. असल्याच केसभर सरकलेल्या रेषांवरून युरीने ड्युटेरियम पकडला आणि १९३४ चं नोबेल मिळवलं. आमच्या तीस डॉलरच्या स्पेक्ट्रोस्कोपमध्ये दोन्ही मिळून एकच जाडी रेघ दिसते. केशराचा काटा बरा.

ज्यांना हे वाचून हुरूप येईल त्यांच्यासाठी: सेलचा भाग निरुपद्रवी आहे, खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको, एका वेळी सिरिंजभरच वायू करा, साठा करू नका. पुढचा भाग तसा नाही. ३० हजार व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत, आणि एवढ्या व्होल्टला क्ष-किरण निघतात. स्टीलचं भांडं बरेचसे अडवतं, बघायची काच अडवत नाही. आम्ही काचेसमोर कॅमेरा ठेवतो आणि जिन्याच्या वर बसून पडद्यावर बघतो. लेक एकटी असताना मुख्य स्विचची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. क्ष-किरण निघणाऱ्या उपकरणाची नोंदणी लागते का, हे आपल्या राज्याच्या खात्याला आधी विचारा. भारतात राहत असाल तर हा सेल पंख्यासाठीच घ्या; तिथे जड पाण्यावर सरकारचं नियंत्रण आहे. थळच्या फाटकावर बरणी घेऊन जायचा विचार माझ्या मामेभावाने बोलून दाखवला होता, त्याला मी तिथेच थांबवलं.

मार्चमध्ये नवऱ्याला ऑफिसच्या समारंभाला जायचं होतं, इस्त्रीतलं डिस्टिल्ड पाणी संपलेलं. बेसमेंटच्या फळीवर स्वच्छ पाण्याच्या तीन बरण्या दिसल्या. त्याने एक नंबरची ओतली, त्यातल्या त्यात नशीब. होतं-नव्हतं त्या सगळ्याची वाफ. शर्टाची कॉलर तशीच्या तशी मुडपलेली. आता बरण्यांवर नंबर नाहीत, मोठ्या अक्षरांत ‘खरकटं’, ‘विसळण’ आणि ‘चोख’ असं लिहिलंय. आणि इस्त्रीसाठी वेगळा कॅन आणून ठेवलाय, वरच्या मजल्यावर.